शामेन : समुद्रकाठची एक निवांत नगरी
(वाटूर, जि. जालना येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी तरी आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत, अशी आपली जुनी प्रथा आहे. यंदा चालकमंडळींनी तो मान आमच्या गळ्यात घातला. आम्ही प्रवासी म्हणून मुळीच ख्यातनाम नाही. वाटूर फाट्यावर एस्. टी.ची वाट पाहण्यात आमचे जेवढे आयुष्य खर्ची पडले, त्याचा शतांशही परमुलखात गेलेला नाही. परंतु सन २०१९ च्या कार्तिकात, तुळशीचे लग्न आटोपून, आम्ही उभयतां चीन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील शामेन नावाच्या शहरी गेलो आणि आठ दिवस राहून आलो. त्या दिवसांत जे डोळ्यांनी पाहिले, आणि त्याहून अधिक म्हणजे जे मनाला लागून राहिले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

चीनच का, असे अनेकांनी आम्हांस तेव्हा विचारले. कारण साधे होते. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या त्या नगरीत वैद्यकीचे शिक्षण घेत होती. तीन वर्षांत तिच्या घरचे कोणी तिकडे फिरकले नव्हते. बंधूंना शेत सोडून जाणे शक्य नव्हते, तेव्हा तो भार आमच्याकडे आला. एका वडीलधाऱ्या आप्तांनी मात्र स्पष्ट बजावले, “ज्यांनी १९६२ साली आपल्यावर चाल केली, त्यांच्या दारी कशाला जाता?” हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही, व आजही नेत नाही. आम्ही परतल्यानंतर सातच महिन्यांनी, जून २०२० मध्ये, गलवान खोऱ्यात आपल्या वीस जवानांनी देह ठेवला. त्यांचे स्मरण न करता चीनविषयी गोड बोलणे आम्हांस शोभणार नाही.

परंतु त्या आप्तांना आम्ही एका मराठी माणसाचे नाव सांगितले होते. १९३८ साली चीनवर जपानचे आक्रमण चालू असता राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, त्यांच्यासमवेत नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मुंबईहून बोटीने निघालेले हे पथक चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, कँटन बंदरीच उतरले. बाकीचे यथाकाल परतले. कोटणीस तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, रुग्णसेवा करीत असतानाच निवर्तले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर काढलेला बोलपट आपल्यातील वृद्धांना स्मरत असेल. राष्ट्राराष्ट्रांचे वैर खरेच असते. पण वैद्य आणि विद्यार्थी यांच्या वाटा त्याहून निराळ्या असतात, एवढेच आमचे म्हणणे.

परतूर स्टेशनावर रात्रीच्या गाडीत बसून आम्ही मुंबई गाठली, तेथून विमानाने हाँगकाँग, आणि तेथून आगगाडी. या आगगाडीचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्या घरात. सुमारे चार तासांत तिने आम्हांस शामेनच्या उत्तर स्थानकात आणून सोडले. पुतणी फलाटाबाहेर उभी होती. “काका, काकू” एवढेच ती बोलली आणि काकूच्या गळ्यात पडली. तीन वर्षांत ती चांगलीच सुकली होती, पण तिच्या चालण्यात एक नवा धीटपणा आला होता, हे आम्ही त्याच क्षणी टिपले.

शामेन हे मूळचे एक बेट. फूक्येन प्रांताच्या किनाऱ्याला अगदी लगटून ते वसले असून आता पुलांनी भूमीशी जोडलेले आहे. स्थानिक बोलीतील नावावरून युरोपियन लोक त्यास अमॉय म्हणत. वस्ती पन्नास लाखांवर. म्हणजे हे खेडे नव्हे, चांगले महानगर आहे. तरीही तेथे पाऊल टाकल्यावर प्रथम जाणवते ती घाईची उणीव. समुद्राला वळसा घालून जाणारा रुंद रस्ता, त्याच्या कडेने पायी चालणाऱ्यांसाठी निराळी वाट, पावलापावलावर सावली आणि बसावयास बाके. गुलमोहर हा तेथील नगरवृक्ष आणि बोगनवेल हे नगरपुष्प. कार्तिकात गुलमोहराला बहर नव्हता, काळ्या शेंगा तेवढ्या लोंबत होत्या; पण बोगनवेल जिकडे तिकडे फुललेली. आपल्या शाळेच्या कुंपणावरची बोगनवेल चार हजार किलोमीटरांवर भेटल्याने आमच्या सौ. यांना जो आनंद झाला तो सांगता येत नाही. बाजारात पपनसांचे ढीग लागले होते. गोड संत्र्या-मोसंब्यांच्या कुळाचा उगम दक्षिण चीनच्याच बाजूचा, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचे माहेर पाहिल्यासारखे आम्हांस वाटले. दुष्काळात, सन २०१२-१३ मध्ये, डोळ्यांदेखत जळून गेलेल्या बागाही त्याच वेळी आठवल्या.

बेटाच्या समोर, बोटीने काही मिनिटांच्या अंतरावर, गुलांग्यू नावाचे दुसरे चिमुकले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरांहूनही थोडे कमी. तेथे मोटारीस बंदी, सायकलीसही बंदी. माल हातगाड्यांवरून ओढून नेतात. उंचसखल गल्ल्या, जुने बंगले, वडाच्या जातीच्या झाडांच्या पारंब्या, आणि कोठून तरी ऐकू येणारा पियानो. परदेशीयांच्या वसाहतीच्या काळी या वाद्याचे वेड बेटास लागले. आता तर तेथे पियानोंचे एक संग्रहालयच आहे. २०१७ साली हे बेट जागतिक वारसास्थळ ठरले. ज्या जागी कर्णा वाजत नाही अशी जागा आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिली. प्रथम काही चुकले आहे असे वाटले. मग लक्षात आले की हीच शांतता.

परंतु ही शांतता त्या नगरीला फुकट मिळालेली नाही. इंग्रजांनी चीनवर अफू लादली, ती मोठ्या प्रमाणात आपल्याच देशातून जात असे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होई. त्या व्यापारापायी युद्ध झाले, १८४१ साली अमॉय इंग्रजांच्या तोफांपुढे पडले, आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगच्या तहाने जी पाच बंदरे त्यांना खुली करून द्यावी लागली त्यांत अमॉय एक होते. तो तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या युद्धनौकेवर झाला, ती मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानातून बांधलेली होती. म्हणजे त्या नगरीच्या दुःखात आपल्या भूमीचा लाकूडफाटा आणि आपल्या शेतकऱ्याचे पीक, दोन्ही वापरले गेले. पुढे १९४९ नंतर समोरचे किनमेन बेट तैवानच्या हाती राहिले. १९५८ च्या ऑगस्टात दोन्ही बाजूंनी तोफांचा भडिमार झाला, आणि नंतर दिवसाआड गोळे टाकण्याचा विलक्षण क्रम १९७९ च्या आरंभापर्यंत चालू राहिला. ज्या वाळूवर आज मुले किल्ले बांधतात, ती रणभूमीची सीमा होती. १९८० साली तेथे विशेष आर्थिक क्षेत्र निघाले आणि नगरीचा कायापालट झाला. शहराच्या मध्यभागी युनदांग नावाचे सरोवर आहे. सांडपाण्याने ते इतके सडले होते की काठाने जाणे कठीण. १९८८ पासून ते स्वच्छ करण्याचे काम नेटाने चालले. आज तेथे बगळे उतरतात. ते पाहून आम्हांस जालन्याची कुंडलिका आठवली, आणि आम्ही काही न बोलता पुढे चालू लागलो.

विद्यापीठाच्या शेजारीच नान-पुतुओ नावाचे बौद्ध मंदिर आहे. तेथे प्रमुख उपासना कुआन-यिन् या देवतेची. “ही तर आपल्या देवीसारखी,” असे आमच्या सौ. म्हणाल्या. खरे पाहता ही देवता म्हणजे आपला अवलोकितेश्वरच. चीनमध्ये जाऊन त्याने मातेचे रूप घेतले. ‘पुतुओ’ हा शब्दही परका नव्हे. अवलोकितेश्वराचे निवासस्थान जो पोतलक पर्वत, त्याचेच ते चिनी रूप. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या क्रमांकाच्या लेण्यात हाच अवलोकितेश्वर आठ महाभयांतून भक्तांना तारताना कोरलेला आहे, आणि त्या आठ भयांत समुद्रात बुडणारी नौकाही आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, आपल्या मराठवाड्याच्या डोंगरात कोणा शिल्पकाराने ती नौका कोरली. ज्या काळी आपले व्यापारी समुद्रावर जात होते आणि परत आल्यावर त्यांना जातीबाहेर टाकले जात नव्हते, त्या काळची ती साक्ष आहे.

या मंदिरात शाकाहारी भोजन मिळते. आमच्या आठ दिवसांच्या उदरनिर्वाहाचा तोच मुख्य आधार होता. दुसरा आधार म्हणजे शेंगदाण्यांचे गोड, पातळ, गरम पेय. उपवासाच्या दाण्याच्या आमटीची चुलत बहीणच म्हणा, फक्त हिच्यात साखर!

आणि चहा. तो तर विसरून चालणार नाही. जगात चहाला दोनच मुख्य नावे आहेत. खुष्कीच्या मार्गाने आणि पोर्तुगीजांच्या मुखाने जो पसरला तो ‘चा’, म्हणजे आपला चहा. आणि डच लोकांनी अमॉयच्या बोलीतून उचलला तो ‘ते’, ज्यावरून इंग्रजी ‘टी’ झाला. अर्ध्या जगाच्या चहाचे बारसे याच किनाऱ्यावर झाले. तेथील चहात दूध नाही, साखर नाही, पेले अंगठ्याएवढे. एका गल्लीतील वृद्ध दुकानदाराने आम्हांस दुकानात बोलावून बसविले. गिऱ्हाईक येत होते, जात होते. त्याचे लक्ष किटलीकडे. पहिले पाणी त्याने फेकून दिले, दुसरे ओतले, मग तिसरे, चौथे. पुतणी दुभाषाचे काम करीत होती.

त्याने विचारले, “तुमच्या गावापासून समुद्र किती दूर?”

आम्ही म्हणालो, “चारशे किलोमीटरांहून अधिक.”

तो विचारात पडला. मग म्हणाला, “मग तुम्ही संध्याकाळी बसता कोठे?”

या प्रश्नाचे आम्हांस हसू आले. आम्ही मोठ्या अभिमानाने आपला पार वर्णिला. पिंपळ, दगडी ओटा, दिवेलागणीस जमणारी मंडळी, पाऊसपाण्याच्या गप्पा. त्याला ते फार आवडले. पुतणीने सर्व भाषांतर करून सांगितले. आमच्या सौ. मात्र पेला हातात धरून गप्प होत्या.

त्याच सायंकाळी आम्ही पायचेंगच्या वाळवंटाकाठी बाकावर बसलो होतो. पुतणीची शिकवणी होती, ती यावयाची होती. सूर्य गेला, दिवे लागले. आजूबाजूस वृद्ध जोडपी, नातवंडे, एकेकट्या बसलेल्या बायका. कोणी कोणाची वाट पाहत नव्हते. कितीएक वेळाने सौ. म्हणाल्या, “आज सकाळपासून मला कोणी हाक मारली नाही.” आम्हांस वाटले, त्या घरची आठवण काढीत आहेत. आम्ही समजूत घालू लागलो. तेव्हा त्या म्हणाल्या, “तसं नव्हे. बरं वाटलं, म्हणून सांगितलं.” आणि थोड्या वेळाने, “पारावर तुम्ही बसता. आम्ही पारावरून पाणी घेऊन जातो.”

मंडळी, आमच्या संसारास तेव्हा एकेचाळीस वर्षे झाली होती. एवढ्या काळात आम्ही त्यांना कधी कठोर बोललो नाही, असा आमचा समज होता आणि तो खराही असेल. परंतु त्या कोठे बसतात, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. तो विचारण्यास एका परमुलखातील, आमची भाषा न जाणणाऱ्या दुकानदारास यावे लागले. हे येथे सांगावे की नाही याचा आम्ही फार विचार केला; सौ. यांची अनुमती घेऊनच सांगत आहो.

आता दुसरी गोष्ट. शामेनच्या भूमीकडील बाजूस जिमेई नावाचा भाग आहे. तेथे १८७४ साली तान काह की या नावाचा मुलगा जन्मला. पोटापाण्यासाठी तो सिंगापुरास गेला, रबराच्या व्यापारात मोठा धनाढ्य झाला. परंतु पैसा हाती येताच त्याने १९१३ पासून आपल्या गावी शाळा काढण्यास आरंभ केला, आणि १९२१ साली शामेन विद्यापीठ स्थापन केले. पुढे जगभर मंदी आली, व्यवसाय कोसळू लागला, १९३४ साली कंपनी बंद करावी लागली. तेव्हाही विद्यापीठाचा खर्च चालावा म्हणून त्याने आपली राहती हवेली विकली, हे तेथील शाळेतील मुलेही सांगतात. १९३७ साली विद्यापीठ सरकारच्या स्वाधीन केले, पण आपले लक्ष काढून घेतले नाही. १९६१ साली तो वारला. जिमेईच्या समुद्रकाठी त्याची समाधी आहे.

हा एकटाच असा निपजला असे नाही. त्या किनाऱ्यावरून लक्षावधी लोक सिंगापूर, पिनांग, मनिला येथे पोटासाठी गेले. जेथे गेले तेथे त्यांनी आपापल्या कुळाच्या आणि गावाच्या संस्था काढल्या. नव्याने उतरलेल्यास निवारा, आजाऱ्यास औषध, मृतास अग्नी वा माती, मुलांना शाळा, हे त्यांचे काम. पिनांगमधील खू कुळाची वास्तू प्रसिद्धच आहे. पैसा पाठवावयाचा तो पत्रासह पाठवीत. पत्र आणि रक्कम एकाच लखोट्यात. अशा हजारो पत्रांच्या संग्रहास जागतिक स्मृतिठेव्यात २०१३ साली स्थान मिळाले आहे. ही हकीकत ऐकताना आम्हांस आपली मनीऑर्डर आठवली. फॉर्मच्या तळाशी असलेल्या बोटभर जागेत गिरणीतील माणूस आईला जे लिहीत असे, तेही त्याच जातीचे साहित्य होय.

आपलीही संस्था अशाच हेतूने निघाली आहे. म्हणूनच आता जे सांगावयाचे ते सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

सन २०१६ मध्ये आपल्या शिक्षणनिधीकडे एका मुलीचा अर्ज आला होता. परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठी कर्जाऊ रक्कम हवी होती. अर्ज आमच्याच पुतणीचा होता आणि आम्ही त्या समितीत होतो. आम्ही उभे राहून म्हणालो, “आमच्याच घरचा अर्ज आहे, तेव्हा तो मंजूर करू नये, लोक पक्षपात म्हणतील.” मंडळींनी आमच्या निःस्पृहतेची वाखाणणी केली. पण ते कारण खरे नव्हते. खरे कारण असे की, मुलगी, तीही एकटी, समुद्रापार, चीनमध्ये, ही गोष्ट आमच्या मनाला रुचत नव्हती. आणि ते उघड बोलण्याचे धैर्य नव्हते. अर्ज फेटाळला गेला. बंधूंनी दोन एकर जमीन विकली. आमच्याशी ते एक अक्षरही बोलले नाहीत, आणि त्याचेच आम्हांस आजवर अधिक वाटते.

आपल्या इतिहासात अशा गोष्टींस तोटा नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला एवढ्यावरून रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना काय काय ऐकावे लागले ते सर्वश्रुत आहे. आज कोणी कोणाला उघडपणे वाळीत टाकू शकत नाही. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हाच ठरविला आहे. परंतु नियमावर बोट ठेवून, निःस्पृहतेचा आव आणून, अर्जावर ‘नामंजूर’ लिहिता येते. जुने ग्रामण्य उघड होते. आमचे हे ग्रामण्य झाकलेले होते, एवढाच भेद.

शामेनमध्ये तिच्या खोलीवर गेलो तेव्हा भिंतीवर वाटूरच्या घराचे छायाचित्र होते, आणि त्याखाली एका वहीत रोजच्या खर्चाचा पैन् पैचा हिशेब. ती वही आम्ही चाळली. दोन एकरांचे पैसे तिने कसे पुरवून पुरवून वापरले होते ते तिच्यात दिसत होते. निघताना तिने आम्हांस नमस्कार केला. आम्ही म्हणालो, “तुझा अर्ज आमच्यामुळे गेला.” ती म्हणाली, “मला ठाऊक होतं, काका.” एवढेच.

पुढील हकीकत थोडक्यात. जानेवारी २०२० मध्ये ती सुटीवर घरी आली, आणि महामारीमुळे परतीचे दरवाजे बंद झाले. अडीच वर्षांहून अधिक काळ ती वाटूरच्या गच्चीवर, जेथे मोबाईलला लहर लागते तेथे बसून, शिकली. पावसाळ्यात डोक्यावर पोते घेऊन बसे. २०२२ साली चीनने विद्यार्थ्यांस पुन्हा प्रवेश दिल्यावर ती गेली, राहिलेले शिक्षण पुरे केले, परतून येथील परीक्षा दिली. ती परीक्षा अवघड असते आणि अनेकांची गाडी तेथेच अडते. हे परदेशी पाठविण्यापूर्वी पालकांनी नीट ध्यानात घ्यावे. ती दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. आज ती आपल्याच जिल्ह्यात रुग्णसेवा करीत आहे. गेल्या वैशाखात आमच्या सौ. यांना रात्री छातीत कळ आली, तेव्हा प्रथम तीच धावत आली.

शामेनचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू दडविणे बरे नव्हे. तो निवांतपणा सर्वांच्या वाट्यास येत नाही. रस्ते झाडणारे, इमारती बांधणारे, उपाहारगृहांत भांडी घासणारे बहुतेक लोक आतल्या प्रांतांतून आलेले. त्यांच्या वस्तीची नोंद गावाकडची, आणि त्या नोंदीवर शाळा व दवाखान्याच्या सवलती अवलंबून. कित्येकांची मुले गावी आजीआजोबांपाशी वाढतात. शिवाय त्या देशात मनात येईल ते छापता वा बोलता येत नाही. आम्ही येथे उभे राहून जे बोलत आहो, तसे तेथे कोणास आपल्या सत्ताधीशांविषयी बोलता यावयाचे नाही. आपल्या या स्वातंत्र्याचे मोल आम्हांस तेथेच अधिक कळले. आणि आपल्याकडेही, दसरा-दिवाळी होताच परतूर-मंठ्याकडील किती तरी कुटुंबे ऊसतोडीस निघतात, त्यांची मुले म्हाताऱ्यांपाशी राहतात, हे आपणांस सांगावयास नको. दुसऱ्याच्या घरातील अंधार दाखविताना आपल्या घरातील दिवा लागला आहे की नाही हे पाहावे.

आता समारोप. समुद्र काही वाटूरास आणता येत नाही. पण त्या नगरीने आम्हांस दोन गोष्टी शिकविल्या, त्या आपल्यापुढे सूचना म्हणून मांडतो.

पहिली सूचना शिक्षणनिधीची. अर्जदार मुलगा की मुलगी, शिक्षण स्वदेशी की परदेशी, हा भेद नियमांतून काढून टाकावा. कोणाही सभासदाच्या आप्ताचा अर्ज असल्यास त्या सभासदाने बाहेर जावे, पण अर्जाचा विचार इतरांनी अवश्य करावा. नामंजुरीचे कारण लेखी द्यावे. खरे कारण लिहिण्याची लाज वाटत असेल, तर ते कारण योग्य नाही असे समजावे.

दुसरी सूचना अगदी लहान आहे. आपल्या कार्यालयापुढे जो मोठा ओटा आहे, तेथे सायंकाळी आपण पुरुषमंडळीच बसतो. त्याच्या पूर्वेकडील अंगास, लिंबाच्या सावलीत, चार बाके टाकावीत, दिवा लावावा, आणि सायंकाळी दोन तास ती जागा घरोघरच्या स्त्रियांसाठी राखावी. तेथे ना भजनाची सक्ती, ना व्याख्यानाची. त्यांनी नुसते बसावे. त्या वेळेपुरता घरचा चहा पुरुषांनी करावा. दोन पेले पाण्यास किती चमचे पूड हे ठाऊक नसेल तर आम्ही सांगू, कारण गेली काही वर्षे तो आम्हीच करीत आहो. बाकांचा खर्च आमच्याकडे राहील.

त्या वृद्ध दुकानदाराचा प्रश्न होता, तुम्ही संध्याकाळी बसता कोठे? पुढील मेळाव्यास या प्रश्नाचे उत्तर आपणां सर्वांच्या वतीने, घरातील प्रत्येकाच्या वतीने, देता यावे, एवढीच इच्छा आहे.